पोट्टे "असं कसं?" विचारतील तेव्हा

भाऊ, यवतमाळकडच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला चालला आहेस, तर एक सांगतो. एखादं पोट्टं विचारेल, "सर, पाइनॅपलमध्ये अ‍ॅपल कुठं आहे?" त्याला "पाठ कर" म्हणून गप्प बसवू नको. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला उत्तरही आहे. जुन्या इंग्रजीत अ‍ॅपल कुठल्याही फळाला म्हणत. पाइनॅपल म्हणजे तेव्हा पाइनच्या झाडाचं बोंड. अननस त्या बोंडासारखा दिसला, म्हणून तेच नाव त्याला चिकटलं.

फोन 'हँग अप' करणंही तसंच. रिसीव्हर भिंतीवरच्या आकड्याला टांगायचा काळ गेला, शब्द राहिला. आपल्याकडे वड तोडून टाकला तरी एस.टी.चा थांबा 'वडाचा फाटा'च राहतो ना!

स्पेलिंगचं जरा सावकाश सांग. 'नाइट' (knight), म्हणजे सरदार, यातला के पूर्वी खरोखर उच्चारत. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने १४७६ च्या सुमारास लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. पुढे छपाईत स्पेलिंग हळूहळू गोठलं आणि उच्चार बदलत गेले. 'डेट' (debt), म्हणजे कर्ज, यातला बी मात्र पंडितांनी लॅटिनशी नातं दाखवायला घुसवला.

सुधारणार कोण? फ्रेंचांची भाषेवर लक्ष ठेवणारी अकादमी १६३५ पासून आहे, इंग्रजीला तशी कुणी नाही. अमेरिकी कोशकार वेब्स्टरने १८२८ च्या कोशात कलर (colour) यूशिवाय दिला, तो बदल अमेरिकेने स्वीकारला. त्याने टंगचं (tongue) सोपं केलेलं स्पेलिंग मात्र लोकांनी घेतलंच नाही.

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'नाइट' लिही आणि पोट्ट्यांकडून के सकट, जुन्या पद्धतीने, मोठ्याने म्हणून घे.