ऑनलाइन गटाने काल्पनिक जहाजाचं नाव मतदानाने ठरवावं का? ठरवायचं तर कसं?

तुम्ही विचारलंय की वीस-बावीस जण मिळून ऑनलाइन समुद्रकथा लिहिताय, जहाजाच्या नावावरून एकमत होत नाहीये, तर मतदान कसं घ्यावं आणि नाव कसलं असावं. मतदान जरूर घ्या, पण निकाल पाळायची तयारी असेल तरच. नसेल तर गटप्रमुखाने सरळ आपल्या आवडीचं नाव जाहीर करून टाकावं. त्याचा राग येत नाही. राग येतो तो सगळ्यांना विचारून मग स्वतःचंच करण्याचा.

आमचा गटही साधारण तुमच्याएवढाच होता. साखळी कादंबरी लिहीत होतो, काळ कान्होजी आंग्र्यांचा. 1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले, त्याच्या आगेमागेची दोन-तीन वर्षं. आमचं जहाज म्हणजे विजयदुर्गची एक गुराब. दोन डोलकाठ्यांची, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब पुढे आलेलं आणि ठेंगणं, नाळेच्या अंगाला समोर तोंड करून दोन तोफा. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला दोरांनी ओढून शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करणार. हे सगळं ठरवताना एकदाही भांडण झालं नाही. भांडण झालं ते नावावरून.

नऊ नावं आली. बहुतेक तुम्हाला अंदाज येईल तशीच: रणचंडी, भवानी, रणरागिणी, दर्याबहादूर. परदेशात वाढलेल्या एका मुलाने ‘रामदास’ सुचवलं. त्याला काहीच कल्पना नव्हती. आमच्यात रत्नागिरीकडचा एक दादा होता, त्याचे आजोबा तांडेल, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे म्होरके. त्याने शांतपणे लिहिलं की 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत अजून त्या बोटीचं नाव काढत नाहीत. मुलाने तात्काळ नाव मागे घेतलं. म्हणून सांगते, मत मागण्याआधी हरकती मागा. दोन दिवस द्या आणि खरोखरच कुणाला लागणारं नाव असेल तर यादीतून काढून टाका. हे मतदानानंतर करता येत नाही.

त्याच दादाने स्वतःचं नाव दिलं ‘सगुणा’. नुसतं नाव नाही, सोबत एक परिच्छेद लिहून टाकला. नारळी पौर्णिमा झाल्यावर गुराब पुन्हा पाण्यात लोटतात, म्हातारा तांडेल नाळेला हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो, ओल्या हातानेच लाकडावर थोपटतो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणतो, “सगुणे, सांभाळ गो बाय.” बस, एवढंच. सगुणा ही त्याची आई की लहानपणी गेलेली मुलगी, हे त्याने सांगितलंच नाही. आमच्या संपूर्ण कादंबरीत त्या तोडीचं दुसरं काही लिहिलं गेलं नाही, हे माझं मत मी तेव्हाही मांडलं होतं.

मतदान झालं. सगुणा 8, रणचंडी 6, भवानी 5, रणरागिणी 3. निकाल लागला, आम्ही नारळाची चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक फाईल उघडली तर पहिल्या प्रकरणात सगळीकडे ‘रणचंडी’. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

गटप्रमुखांचं म्हणणं असं की आक्रमक नावांना एकूण 14 मतं आहेत, सगुणाला 8, म्हणजे बहुमत रणचंडीच्याच बाजूने. यात गणिताचा एक धागा खरा आहे. सारखी नावं अनेक असली की मतं फुटतात आणि वेगळं असलेलं एक नाव पुढे निघून जातं. पण म्हणून भवानीची पाच मतं आपोआप रणचंडीच्या खात्यात कशी जमा होतात? भवानी हे आधी घरातल्या देवीचं नाव आहे, मग लढाईचं. तिला मत देणाऱ्यांपैकी दोघींनी मला सांगितलं होतं की त्यांची दुसरी पसंती सगुणा. मी म्हटलं, शंका आहे ना, मग पहिल्या दोन नावांची दुसरी फेरी घ्या, जे होईल ते मान्य. गटप्रमुख तयार झाले नाहीत. उलट मला ब्रिटनचं उदाहरण दिलं: 2016 साली तिथे ध्रुवीय संशोधनाच्या जहाजासाठी लोकांची मतं मागवली, ‘बोटी मॅकबोटफेस’ या थट्टेच्या नावाला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली, तरी सरकारने जहाजाला निसर्गपटांचे सादरकर्ते डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि जिंकलेलं नाव जहाजावरच्या एका मानवरहित पाणबुडीला गेलं.

उदाहरण बरोबर, पण अर्धं. अंतिम निर्णय आमचा राहील, हे ब्रिटनमधल्या आयोजकांनी नियमांत आधीच लिहिलं होतं. आमच्याकडे असं एक अक्षर कुणी लिहिलं नव्हतं. आणि उदाहरणंच द्यायची तर 2007 चं घ्या. ग्रीनपीसने एका कुबड्या देवमाशाच्या नावासाठी मतं मागवली, ‘मिस्टर स्प्लॅशी पँट्स’ला 78 टक्के मतं मिळाली. संस्थेतल्या काहींना ते नाव रुचलं नव्हतं, पण ते ठेवलं. मोठी संस्था हे करू शकते, तर वीस माणसांच्या गटाला काय जड आहे?

“सगुणा हे काय लढाऊ जहाजाचं नाव आहे?” हा गटप्रमुखांचा शेवटचा मुद्दा, आणि त्यावर माझं अजूनही डोकं फिरतं. किनाऱ्यावर जाऊन बोटींवरची नावं वाचा. एकवीरा आई, जीवदानी, घरातल्या मुलीचं नाव, आईचं नाव. ज्याला खरंच समुद्रात जायचंय तो बोटीला धमकीचं नाव देत नाही, ज्याच्या भरवशावर परत यायचं त्याचं देतो.

दादाने भांडण केलं नाही, लिहिणं थांबवलं. पुढच्याच प्रकरणात ऐन श्रावणाच्या सुरुवातीला रणचंडी सगळी शिडं उभारून इंग्रजांच्या जहाजामागे लागली. पावसाळ्यात जहाजं बंदरात शाकारून ठेवतात, हे सांगणारा माणूसच गटात उरला नव्हता. पुढे मीही बाहेर पडले.

आता तुमचं मतदान. व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका. तिथे कोणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि मत बदलताही येतं, त्यामुळे गटप्रमुखाची खूण बघून माणसं सरकतात. आमच्याकडे शेवटच्या रात्री असं झालं, तरीही सगुणा जिंकली. नावं न दिसणारा गूगल फॉर्म करा. एकच मत देऊ नका, जी जी नावं चालतील त्या सगळ्यांवर खूण करू द्या, म्हणजे मतं फुटल्याची तक्रार उरत नाही. दोन नावं जवळपास आली तर त्या दोघांतच पुन्हा फेरी. बरोबरी झाली तर काय करायचं, आणि गटप्रमुखाला नकाराधिकार आहे की नाही, हे सगळं मतदानाच्या आधी लिहून ठेवा. मतं कुणाची, हेही ठरवा. माझ्या मते प्रत्यक्ष प्रकरणं लिहिणाऱ्यांचीच, नुसत्या वाचणाऱ्यांची नाही, कारण ते नाव शंभर वेळा लिहायचं लिहिणाऱ्यांना आहे.

नाव कसलं असावं ते तुमची कथा वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. फक्त प्रत्येक नावाबरोबर चार ओळींचा प्रसंग मागा: वादळात खलाशी ते नाव ओरडतोय, किंवा बंदरात कुणी ते हळू आवाजात घेतंय. ज्या नावाचा प्रसंग सुचत नाही ते यादीत ठेवायचं कशाला?

हे सगळं तुमच्यासारख्या मोठ्या गटासाठी. हे वाचणारे दुसरे कुणी चार-पाच जणच असाल तर मतदानाच्या फंदात पडू नका, एक संध्याकाळ फोनवर बोला. आणि दुसऱ्या कुणाची अवकाशयानाची कथा असेल तर किनाऱ्यावरच्या बोटींचं मी जे म्हटलं ते तिथे कितपत लागू पडेल, ते त्यांनीच बघावं. पण गटप्रमुख तुम्हीच असाल आणि निकाल पटला नाही, तर सगळ्यांसमोर तसं लिहा आणि दुसरी फेरी मागा. रात्रीतून फाईल बदलू नका.