कुशीवर वळलं की खोली फिरते? मान सोडा, कान दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना पहाटे उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते, आणि महिनाभर मानेचा पट्टा नि चक्करची गोळी चालू असूनही फरक नाही. आपल्या इंदूरात चक्कर म्हटलं की लोक एक तर ‘गॅस चढली’ म्हणतात, नाही तर ‘सर्व्हायकल’, म्हणजे मानेच्या मणक्यांचा त्रास. आमच्या रामबागेतल्या घरी सौ.ला हाच त्रास झाला तेव्हा दोन्ही निदानं शेजाऱ्यांनी फुकटात दिली होती.

तुमच्या वर्णनावरून हे आतल्या कानाचं वाटतं. तिथे तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागून किंवा काहीच कारण नसताना ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात, बहुतेकदा मागच्या. डोकं हललं की कण सरकतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण खाली बसले की सगळं शांत, म्हणून चक्कर मिनिटाच्या आत संपते. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात.

आता गोळीने हे कण कसे हलणार? उलटी-मळमळ दाबायला दोन-चार दिवस ठीक. पण सुस्ती आणणारी गोळी महिनोन्महिने चालली तर म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती, शिवाय मेंदू तोल सावरायला शिकतो तेही लांबतं. डॉक्टरांना विचारून ती बंद करा.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना ‘डिक्स-हॉलपाइक करून बघा’ असं सांगायला लाजू नका; ही चक्कर कोणत्या कानाची ते बघायची तपासणी. सौ.ला टेबलावर बसवून मान ४५ अंश वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं काठाखाली थोडं लोंबतं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग बुबुळं गोल फिरत वर उडायला लागली आणि तिने माझं मनगट असं आवळलं की तिची बांगडी मला रुतली. डॉक्टर मात्र खूश! कोणत्या कानाचं ते कळलं ना.

मग लगेच एप्ली. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरने १९९२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत. त्याच स्थितीतून डोकं ९० अंश दुसरीकडे, मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबायचं. कण नळीतून मूळ जागी परततात. बऱ्याच जणांना एक-दोनदा केलं की आराम पडतो. पहिल्यांदा यूट्यूब बघून घरी नको, विशेषतः मानेचा खरा आजार असेल तर. बाजू चुकली तर उपयोगही नाही.

चक्कर तासन् तास टिकत असेल, कानात दडा, आवाज आणि ऐकू कमी येणं असेल, तर मेनिएर हा आतल्या कानाचा दुसरा आजार आहे का ते तपासतात. सर्दी-तापानंतर दिवसच्या दिवस गरगरत असेल तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले, उभंच राहता आलं नाही किंवा भयंकर डोकं दुखलं तर एप्ली-बिप्ली विसरून थेट इमर्जन्सी गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी दाखवा.

बीपीपीव्ही बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो, हे आत्ताच सासूबाईंना सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. कमी असेल तर परत व्हायची शक्यता वाढते. आणि कोणत्या बाजूचा कान, ते डॉक्टरांकडून फाइलवर लिहूनच घ्या.