संगणकाचं शिक्षण नसताना घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकता येतं का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, दिवसभर किराणा दुकान सांभाळता, इंग्रजी जेमतेम आहे. तीन महिने यूट्यूबवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बघताय, तरी स्वतः लिहायला बसलं की एक ओळ सुचत नाही.

येतं शिकता. मीही कुठल्या क्लासला न जाता शिकलो. घरी शिकणाऱ्याची खरी पंचाईत अशी की वही तपासायला कुणी नसतं. प्रोग्राम चालला, आकडा आला, पण तो बरोबर आहे हे सांगणार कोण? म्हणून पहिलं गणित असं घ्या, ज्याचं उत्तर तुम्ही कागदावर कधीच काढून ठेवलंय.

मी तेव्हा गावच्या डेअरीत दूध संकलनाला होतो. दोन्ही वेळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिहायचं, दरपत्रकात दर बघायचा आणि दर दहा दिवसांनी पेंडीची उधारी, उचल वजा करून सभासदाचं बिल काढायचं. तेच पायथनमध्ये करायला घेतलं. पहिल्या रात्री फक्त दोन वेळच्या दुधाची बेरीज. सकाळचं टाकलं १२.५, संध्याकाळचं ११. उत्तर आलं १२.५११.

चूक झाल्याचा एकही संदेश नाही. आकडा दिसायलाही ठीकठाक. पण रोज कॅन मोजणाऱ्याला साडेतेवीस लिटरचे साडेबारा झालेले लगेच खटकतात. कारण सापडायला दोन रात्री गेल्या. इनपुटमधून, म्हणजे आपण टाइप करून दिलेलं घेणाऱ्या आज्ञेतून, आलेली गोष्ट पायथनच्या लेखी आकडा नसते, नुसती अक्षरं असतात, आणि अक्षरांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की ती एकापुढे एक चिकटतात. दोन्ही गोष्टी फ्लोटमधून (अक्षरांचा दशांश आकडा करणारी आज्ञा) काढल्या आणि २३.५ आले. डेटा टाइपवरचा (आकडा की अक्षरं, हा प्रकार) व्हिडिओ मी त्याआधी दोनदा बघितला होता. कळलं ते त्या रात्री. (पायथन ३ मध्ये आपले देवनागरी आकडेही फ्लोटला चालतात. करून बघा, फार बरं वाटतं.)

तुमचं काम पैशांचं आहे म्हणून हे आत्ताच सांगतो. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारलीत तर तो ०.३०००००००००००००००४ सांगेल. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोनाने भागत गेलेल्या तुकड्यांत साठवतो, आणि आपल्याला जसं एक भागिले तीन दशांशात पुरं लिहिता येत नाही, तसा त्याला ०.१ पुरा लिहिता येत नाही. तेव्हा हिशेब रुपयांऐवजी पैशांत (साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे), पूर्णांकात ठेवा आणि छापताना रुपये करा.

इंग्रजीची धास्ती सोडा. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले इंग्रजी शब्द, पस्तीसच आहेत, त्यातले दहा-बारा सुरुवातीला पुरतात. चूक आली की लाल मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचा: काय बिनसलं ते तिथे असतं आणि ओळीचा नंबर तिच्या थोडा वर. समजावून सांगणारं कुणी हवंच असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे मोफत आहेत.

आता तुमचं काम. दुकानात उधारीची वही असेलच. एका गिऱ्हाइकाचं मागच्या महिन्याचं पान उघडा, ज्याची बेरीज तुम्ही मारलेली आहे. त्या रकमा एकेक टाकायच्या, जमा वजा करायची, बाकी छापायची, बस. कोड हाताने टाइप करा, कुठून उचलून चिकटवू नका, आणि वहीतली बाकी पडद्यावर येईपर्यंत नवा व्हिडिओ लावू नका. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, पण चार-पाच रात्री लागतील, तेवढ्या लागू द्या.

बाकी जुळलीच नाही तर कोड, आणि लाल मजकूर आला असेल तर त्याची शेवटची ओळ, जशीच्या तशी इथे टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.