हारतुऱ्यांच्या यादीतून बाहेर

प्रश्न : मॅडम, कोल्हापुरातल्या महाविद्यालयात मी सहयोगी प्राध्यापक आहे. १४ वर्षं स्नेहसंमेलन, सत्कार, रांगोळी माझ्याकडेच. नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं काम मात्र पुरुष सहकाऱ्यांकडे. प्रोफेसरपदासाठी अर्ज करू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, करा, याच महिन्यात करा. मीही वर्षानुवर्षं हारतुऱ्यांच्या याद्या केल्या. प्राचार्यपदाच्या मुलाखतीत त्यांची दखल कुणी घेतली नाही. तो सल अजून आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार प्रोफेसरपदाच्या बढतीसाठी सहयोगी प्राध्यापक म्हणून ३ वर्षं सेवा, पीएचडी, किमान १० शोधनिबंध (त्यांतले ३ बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या काळातले) आणि ११० संशोधन गुण लागतात. सत्काराला त्यात जागा नाही. केलेल्या प्रत्येक कामाचं पत्र मागून घ्या, फाइलला लावा. नॅकचं काम बघणाऱ्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं समन्वयकपद हवं, असं प्राचार्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं चहाच्या कपाबरोबर विसरलं जातं.

आपल्याच गावात शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकरांकडे मुलींच्या शाळांची देखरेख सोपवली होती. मग आज एका कक्षासाठी तुम्ही का संकोचावं?

शोधनिबंधांची यादी मला पाठवा. कुठले मोजले जातील, ते आपण दोघी बसून बघू.