नेत्याच्या मनात काय आहे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोणताही राजकीय नेता बोलू लागला की त्याच्या शब्दांपेक्षा त्यामागचा डावच मला आधी दिसू लागतो. त्याने एखादी चांगली योजना जाहीर केली तरी ‘यातून याला नेमके काय साधायचे आहे’ हाच विचार मनात येतो. सत्ता नेहमी पोटात एक आणि ओठात एक असणाऱ्यांच्याच हाती जाते, असे माझे मत झाले आहे. घरातली तरुण मंडळी म्हणतात की मी विनाकारण सगळ्यांवर संशय घेतो. माझा हा संशय योग्य आहे, की ती एक वाईट खोड झाली आहे?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपला संशय निराधार आहे, असे इतिहास जाणणारा कुणीही म्हणणार नाही. वॉटरगेट प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी, दडपण्याशी आपला काहीही संबंध नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन देशाला वारंवार सांगत होते, आणि त्याच काळात त्यांच्या कार्यालयातील संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित होत होती. त्यांच्या मनात काय आहे याविषयी असंख्य लोक तर्क लढवत होते, पण त्या तर्कांनी त्यांचे काहीही बिघडले नाही. जुलै १९७३ मध्ये एका माजी सहकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे या ध्वनिफितींचे अस्तित्व उघड केले, २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या हवाली करण्याचा आदेश एकमताने दिला, आणि ९ ऑगस्ट रोजी निक्सन पायउतार झाले. समितीला साक्षीदार बोलावता येत होते, न्यायालयाला खुद्द अध्यक्षांना आदेश देता येत होता आणि वृत्तपत्रांना छापता येत होते, म्हणून सत्य बाहेर आले. निक्सन यांचा स्वभाव कुणी अचूक ओळखला होता की नाही, यावर त्यातले काहीच अवलंबून नव्हते.

म्हणून माझे आपल्याला सांगणे असे की संशय अवश्य ठेवा, पण तो कशावर ठेवायचा हे नीट ठरवा. अंतस्थ हेतू ही अशी गोष्ट आहे की तिचा पुरावा क्वचितच मिळतो, आणि मिळाला तरी बहुधा उशिरा मिळतो. शिवाय हेतू कळल्याने निर्णयाची किंमत ठरतेच असेही नाही. जर्मनीचे चॅन्सेलर बिस्मार्क यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १८७८ मध्ये समाजवादी चळवळीवर बंदी घालणारा कायदा आणला आणि त्यानंतर कामगारांना राज्याच्या बाजूला वळवून समाजवादी पक्षाचा पाया ढासळवण्यासाठी सामाजिक विम्याचे कायदे केले : १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्वाचा. त्यामागे राजकीय हिशेब होता, हे त्यांच्या समकालीनांपासूनही लपलेले नव्हते. तरीही आजारी पडलेल्या कामगाराला भत्ता मिळाला तो खराच होता. बिस्मार्क १८९० मध्ये सत्तेवरून गेले, समाजवादी पक्ष संपला तर नाहीच, उलट वाढत गेला, आणि विम्याची ती व्यवस्था मात्र टिकून राहिली. पुढे अनेक देशांनी तिच्यापासून धडे घेतले. ‘हे सगळे मतांसाठी चालले आहे’ एवढे म्हणून त्या वेळच्या एखाद्या कामगाराने विषय संपवला असता, तर वर्गणीतला किती वाटा आपण भरायचा आणि किती मालकाने, भत्ता किती आठवडे मिळणार, निधीचा कारभार कुणाच्या हाती राहणार, हे त्याच्या खऱ्या हिताचे प्रश्न त्याने विचारलेच नसते.

हेतू ओळखण्याची आपली क्षमताही आपल्याला वाटते तेवढी भरवशाची नसते. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना क्यूबाचे साम्यवादी नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे किंवा विरोधातले निबंध वाचायला दिले होते. निबंध कोणत्या बाजूने लिहायचा हे लेखकाला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगितल्यावरही वाचणाऱ्यांनी त्या निबंधावरूनच लेखकाचे खरे मत काय असेल याचा अंदाज बांधला. परिस्थितीचा भाग वगळून सगळे काही माणसाच्या स्वभावावर टाकण्याची ही सवय राजकारणात फारच महागात पडते, कारण नेत्याची बरीच कृती पक्षाचा दबाव, आघाडीतले भागीदार, तिजोरीतली शिल्लक आणि न्यायालयाचे निर्णय यांनी बांधलेली असते. त्यातही आपण या सवयीचा वापर एकतर्फी करतो. नावडत्या नेत्याने शब्द फिरवला तर तो मुळातच कपटी ठरतो, आवडत्याने फिरवला तर त्याचा नाइलाज होता असे आपणच इतरांना समजावून सांगतो. आपला संशय शहाणपणाचा आहे की नाही, हे पाहण्याची मला माहीत असलेली सर्वांत कठोर कसोटी हीच आहे : तोच निर्णय आपल्या पसंतीच्या नेत्याने घेतला असता तर आपण तोच हेतू चिकटवला असता का?

मात्र एका ठिकाणी हेतूची चिंता अगदी रास्त असते, आणि तिथे आपण आपला संशय जराही सैल करू नये. जेव्हा एखादा नेता ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्याच बोलीवर मोठा आणि मोकळा अधिकार मागतो, तेव्हा तो अधिकार पुढे कसा वापरला जाणार हे त्याच्या मर्जीवर सोपवलेले असते. ४ ऑगस्ट १९६४ रोजी व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. तीनच दिवसांनी अमेरिकी संसदेने अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईचा व्यापक अधिकार देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात एकही मत पडले नाही आणि सिनेटमध्ये केवळ दोन पडली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. जॉन्सन यांना तेव्हा नक्की काय ठाऊक होते यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे, पण तो वाद न सोडवताही त्या आठवड्यात कुणालाही विचारता आले असते की या ठरावाला मुदत का नाही आणि दाव्याचा पुरावा कुणी तपासला आहे.

आपल्या घरातल्या तरुणांशी बोलताना ‘त्याच्या मनात हे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘या निर्णयात ही पळवाट आहे’ असे म्हणून पाहा. त्यांना दुसऱ्या वाक्याला उत्तर देता येईल. पहिल्याला कुणालाच देता येत नाही.

प्रश्न : नेत्यांची भाषणे आणि हावभाव पाहून त्यांचे व्यक्तिमत्त्व ओळखता येते का? अमुक नेता आत्मकेंद्री आहे, तमुक मनोरुग्ण आहे, असे सर्रास म्हटले जाते. नेत्याचे मानसिक आरोग्य जाणून घेण्याचा हक्क मतदाराला नाही का?
— मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : दुरून केलेल्या निदानाचे काय होते, हे आपल्याच विषयाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९६४ च्या निवडणुकीत एका अमेरिकी नियतकालिकाने बारा हजारांहून अधिक मनोविकारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली आणि उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का, असे विचारले. सुमारे २,४०० जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी १,१८९ जणांनी ते अयोग्य असल्याचे सांगितले. त्यांना न तपासता दिलेली ही मते होती. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा केला आणि तो जिंकला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आपल्या आचारसंहितेत नियमच केला की प्रत्यक्ष तपासणी आणि संमती यांवाचून कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत जाहीर करू नये. या नियमावर आजही टीका होते, पण मला तो योग्य वाटतो. रोगाचे नाव शिवीसारखे वापरले गेले की नेत्याची बदनामी होतेच, शिवाय तो आजार खरोखर भोगणाऱ्या माणसांवर आणखी एक कलंक लागतो.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी आपल्या प्रकृतीची माहिती नियमितपणे देण्याचे आश्वासन दिले होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, म्हणजे निवडून आल्यावर काही महिन्यांतच, त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि तरीही १९९२ पर्यंत जनतेला ते सांगितले गेले नाही. मधल्या काळातली प्रकृतीची पत्रके दिशाभूल करणारी होती. त्याआधी ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला, तेव्हा त्यांच्या आजाराचे गांभीर्य मंत्र्यांपासूनही लपवले गेले होते. अध्यक्ष काम करण्यास असमर्थ ठरला तर काय करायचे, याची स्पष्ट तरतूद अमेरिकेच्या संविधानात १९६७ मध्ये आली. मतदाराचा हक्क आहे तो अशा तरतुदींवर आणि स्वतंत्र वैद्यकीय अहवालावर. हावभावांवरून बांधलेल्या अंदाजाने तो हक्क पुरा होत नाही.

प्रश्न : सगळेच नेते स्वार्थी असतील तर मत कुणाला द्यायचे आणि कशाला?
— एक तरुण वाचक

उत्तर : ‘सगळे सारखेच’ या समजाचा सर्वाधिक लाभ त्यांच्यातल्या सर्वांत वाईट माणसाला होतो, कारण मग त्याचे खोटे पकडले गेले तरी कुणाला धक्का बसत नाही आणि प्रामाणिक उमेदवाराच्या प्रामाणिकपणालाही काही मोल उरत नाही. सगळे स्वार्थी आहेत असे आपण घटकाभर मान्य करू. तरीही एक नेता आपल्या कारभाराचे हिशेब तपासू देतो आणि दुसरा तपासणाऱ्याची बदली करतो, एक पराभव झाल्यावर पद सोडतो आणि दुसरा निकालच मानत नाही, हा फरक उरतोच. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा नागरिकांचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्याने मान्य केला, तोही राज्यकर्ते संत असतील या भरवशावर नव्हे. मत देताना उमेदवाराने मागच्या कारकिर्दीत कोणत्या ठरावांवर कसे मतदान केले, कोणती माहिती दडवली आणि त्याच्या प्रचाराला पैसा कुठून आला, एवढे शोधून पाहा. त्यातले बरेचसे सार्वजनिक नोंदींत सापडते, आणि जो उमेदवार त्या नोंदी मिळू देत नाही त्याच्याविषयीही आपल्याला पुरेसे कळलेले असते.