एकच फाईल, 4:3 की 5:4?

व्हिडिओ टेपवरून उतरवलेली एकच एमपी4 फाईल, तिची माहिती दाखवणाऱ्या एका साधनात (सॉफ्टवेअरमध्ये) रुंदी-उंचीचं प्रमाण 4:3 दिसतं आणि दुसऱ्यात 5:4, मग यातलं कोणतं साधन ठेवू, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला. याच 5:4 मुळे मी 43 फायली कायमच्या बिघडवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुधा तुमची दोन्ही साधनं खरंच सांगताहेत. 720 बाय 576 च्या चित्रात पिक्सेल चौरस धरले की 5:4 येतं. तेच पिक्सेल 16:15 इतके रुंद धरले की चित्र 768 बाय 576 होतं, म्हणजे 4:3. आणि हे पिक्सेलचं प्रमाण एमपी4 मध्ये दोन जागी लिहिलेलं असू शकतं: बाहेर कंटेनरवर, म्हणजे चित्र-आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाईलच्या वेष्टनावर, आणि आत एच.264 या पद्धतीने दाबून साठवलेल्या चित्राच्या प्रवाहात. दोन जागी दोन गोष्टी लिहिल्या असतील तर कोणतं साधन कोणती नोंद वाचतंय, हा खरा प्रश्न.

माझ्याकडे जुन्या मुलाखतींच्या टेप होत्या. त्या उतरवून एका संग्रहाकडे दिल्या. तिथल्या कार्यालयाने सगळ्या परत पाठवल्या, सोबत एकच ओळ: 'तांत्रिक मेटाडेटा (फाईलबद्दलच्या नोंदी) जुळत नाही.' कोणता मेटाडेटा? कशाशी जुळत नाही? तुम्ही तपासायला काय वापरता? तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तीच ओळ आली. तपासणाऱ्याने साधनाचं नाव, त्याची आवृत्ती आणि अडलेली नोंद एवढं तरी कळवायलाच हवं. माझे अनेक आठवडे यात गेले, त्याचा राग अजून आहे.

पण नुकसान माझ्या हातून झालं. मी एकाच साधनात 5:4 पाहिलं आणि चित्रच चुकलंय असं धरून चाललो. सगळ्या फायली 640 बाय 480 मध्ये नव्याने एन्कोड केल्या. आकडा लगेच 4:3 झाला. चित्र इंटरलेस्ड होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यात एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. 576 ओळींच्या 480 केल्यावर त्या एकमेकींत मिसळल्या. हात हलला की कडा फाटल्यासारख्या दिसतात, आणि आता ते कशानेही सुटत नाही. डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ फायली पुसल्या होत्या, टेपही ज्यांच्या त्यांना परत गेल्या होत्या. चूक फक्त लेबलात, म्हणजे प्रमाणाच्या नोंदीत होती. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळण्याच्या साधनाने चित्राला हात न लावता प्रवाह तसाच कॉपी करून ती नोंद बदलता येते. आतल्या नोंदीसाठी त्यातच एच.264 चा मेटाडेटा फिल्टर आहे.

आता साधनांबद्दल. हे माझं मत आहे, तुमच्या फायली पाहिलेल्या नाहीत. पहिल्यांदा मीडियाइन्फो, हे फाईलमधल्या नोंदी वाचून दाखवतं. कंटेनर आणि प्रवाह यांत फरक असेल तर ते बऱ्याचदा 'ओरिजिनल' अशी वेगळी ओळ दाखवतं. मला तेव्हा ती एक ओळ दिसली असती तर बास होतं. एफएफएमपेगसोबत येणारं एफएफप्रोब हे माहिती दाखवणारं साधन प्रमाणाचं एकच उत्तर देतं, म्हणून या प्रश्नाला ते एकटं पुरत नाही. पण फ्रेम मोजायच्या असतील, प्रत्येक फ्रेमची वेळ पाहायची असेल किंवा शेकडो फायलींची माहिती जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात) काढायची असेल तर मी तेच वापरतो. आणि इंटरलेस्ड आहे की नाही हे लेबलावर सोडू नका, एफएफएमपेगच्या 'आयडेट' फिल्टरने प्रत्यक्ष फ्रेम तपासा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॉपर्टीज खिडकीवरून तर काहीच ठरवू नये.

तारखा आणि कॅमेऱ्याच्या नोंदी वाचायला-बदलायला एक्झिफटूल हे साधन घ्या. विषय निघालाच आहे तर सांगतो: एमपी4 मधली निर्मितीची वेळ नियमाप्रमाणे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असायला हवी, पण काही कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात. तारीख एका दिवसाने सरकलेली दिसली तर घाईने सुधारू नका, आधी तो कॅमेरा काय लिहितो ते पाहा. एक्झिफटूल बदल करताना मूळ फाईलची प्रत ठेवतं, ती सवय बंद करू नका.

सध्या एकाच फाईलच्या प्रतीवर लेबल बदलून बघा. मग एफएफएमपेगच्या 'फ्रेमएमडी5' ने आधीच्या आणि नंतरच्या चित्राच्या फ्रेमचे हॅश, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या मजकुरावरून निघणारे ओळखआकडे, काढा. ते सगळे जुळले तर चित्र शाबूत आहे, मगच बाकीच्या फायली घ्या. एक जरी वेगळा आला तर थांबा आणि मीडियाइन्फोचा पूर्ण मजकूर मला पाठवा, फक्त त्यात जागेची किंवा खाजगी नोंद असेल तर काढून.