कंडक्टर व्हायचंय, पण व्हायोलिन सोडून?

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी हसूच आलं, राग मानू नका, ते तुमच्या मिस्टरांच्या वाक्याला आलं, "कंडक्टरच व्हायचं तर एसटीची भरती निघते की". बाकी पत्र मात्र गंभीर आहे. मुलगा अकरावी सायन्सला, व्हायोलिनची सहावी ग्रेड झालेली, रात्री यूट्यूबवर बर्नार्ड हायटिंक या डच कंडक्टरचे (ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून हातांनी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावणारा तो कंडक्टर) कॉन्सर्ट बघत बसतो, आणि आता म्हणतो व्हायोलिन बास, बारावीनंतर डायरेक्ट कंडक्टिंगच शिकणार. असा कोर्स कुठे असतो आणि त्यात पोट भरतं का, हे तुमचे दोन प्रश्न.

मला विचाराल तर गडबड त्या "व्हायोलिन बास"मध्ये आहे. कारण ज्याला बघून पोरगा वेडा झालाय तो हायटिंक स्वतः व्हायोलिनवालाच होता, आणि सोलो गाजवणारा वगैरे नाही हं, ऑर्केस्ट्रात इतरांबरोबर बसून वाजवणारा. जन्म 1929 चा, अ‍ॅमस्टरडॅमचा, तिथल्याच कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, शिकला, मग रेडिओच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. कंडक्टिंगचा कोर्स त्याने नंतर केला आणि 1955 मध्ये रेडिओकडेच दुय्यम कंडक्टर झाला, म्हणजे नोकरी सुद्धा ओळखीच्या घरातच मिळाली म्हणा ना. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये कार्लो मारिया जुलिनी हा मोठा इटालियन कंडक्टर येऊ शकला नाही म्हणून कॉन्सर्टगेबाउ या तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रासमोर या 27 वर्षांच्या पोराला उभं केलं, केरुबिनी या संगीतकाराचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, होतं. तीन वर्षांनी तिथले मुख्य कंडक्टर एदुआर्द फान बेनम रिहर्सल चालू असतानाच हार्ट अटॅकने गेले, आणि 1961 मध्ये ती जागा हायटिंककडे आली, पण एकट्याकडे नाही, सुरुवातीला सोबतीला ऑयगेन योखुम हा अनुभवी जर्मन दिला होता. पुढे 1988 पर्यंत तो तिथे होता.

लोक म्हणतील नशीब. असेल ना, पण जुलिनी आला नाही त्या दिवशी ऐन वेळी उभं राहायची तयारी असलेला माणूस जवळपास होता, आणि ती तयारी व्हायोलिनच्या खुर्चीत बसून झालेली होती. समोरचा माणूस हात कसा खाली आणतो तेव्हा चाळीस जण एकत्र सुरू होतात आणि कसा आणतो तेव्हा फाटतात, हे वाजवणाऱ्याला आतून कळतं, व्हिडिओ बघून नाही कळत. मुलाला एकदा हायटिंकचे नुसते हात बघायला सांगा, आवाज बंद करून. किती कमी हलतात! नाटक नाही, केस उडवणं नाही.

आणि हात हा कामाचा शेवटचा भाग हो, बरंचसं काम टेबलावर होतं. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेली वही, तिचं एक पान म्हणजे एकाखाली एक वीसेक ओळी, त्यात व्हायोलाची क्लेफ, म्हणजे ओळीवरचे सूर कसे वाचायचे ते सांगणारी खूण, वेगळी, हॉर्नचं तर कागदावर सी हा सूर लिहिलेला असतो आणि बाहेर एफ ऐकू येतो, हे सगळं एकदम डोक्यात वाजलं पाहिजे. त्यासाठी पियानो लागतो, हार्मनी, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या सुरांचं शास्त्र, लागते, इअर ट्रेनिंग, म्हणजे कानाने सूर ओळखायचा सराव, लागतं. पत्रात पियानोचा उल्लेख नाही, म्हणजे तो आजपासूनच सुरू करायला हवा, मोठा नको, साधा डिजिटल चालेल.

कोर्सचं म्हणाल तर अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत ऑर्केस्ट्रा कंडक्टिंग शिकवतात, पण प्रवेश ऑडिशनवर, मार्कांवर नाही, आणि युरोपबाहेरच्या मुलांना फी जास्त पडते, ते आत्ताच धरून चाला. माझं मत विचाराल तर आधी परदेशात किंवा इथे व्हायोलिनचीच डिग्री, कंडक्टिंग नंतर. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून, त्यांचा सीझन असेल तेव्हा तिकीट काढून त्याला घेऊन जा, शक्यतो अशी सीट घ्या जिथून कंडक्टरचा चेहरा दिसेल. मिस्टरांनाही न्या. आणि जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता मुंबईचेच, त्यांचे वडील मेहली मेहतांनी इथे ऑर्केस्ट्रा उभा केला होता, हे त्यांना जाता जाता सांगा, एसटीचा विनोद जरा कमी होईल.

पोटाचं खरं सांगते, मुख्य कंडक्टरची खुर्ची एका ऑर्केस्ट्रात एकच असते, व्हायोलिनच्या खुर्च्या पंचवीस-तीस. शिकवून, वाजवून घर चालवणारे पुष्कळ आहेत, कंडक्टिंगवरच घर चालवणारे फार थोडे. आणि तिथेही सगळं सुखाचं नसतं, ऐंशीच्या दशकात डच सरकार कॉन्सर्टगेबाउचं अनुदान कापणार आणि तिथले 23 वादक घरी जाणार अशी वेळ आली तेव्हा हायटिंकने राजीनाम्याची धमकी दिली होती.

आता लगेच करायचं एक काम. हायटिंकने शेवटची कॉन्सर्ट 2019 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर केली, त्यात ब्रुकनर या संगीतकाराची सातवी सिम्फनी होती. तिचा स्कोअर नेटवर फुकट मिळतो, मुलाला प्रिंट काढू द्या. सुरुवातीला व्हायोलिन्सची बारीक थरथर आहे आणि तिच्याखालून चेलो वर चढत जातात, तिथपासून बोट ठेवून ऐकायचं आणि जिथे हरवेल तिथे पेन्सिलने खूण. पहिल्या भागात किती खुणा झाल्या ते मला पुढच्या पत्रात कळवा, मग बारावीनंतरचं बोलू.